लहान मुलं असलेलं मराठी ख्रिस्ती घर : आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सलाम मंडळी. आम्ही पुण्यात राहतो, मूळचे दोघंही नगरचे. मुलगी दुसरीत आहे, मुलगा छोट्या गटात. बिल्डिंगमध्ये, शाळेच्या गेटवर, ट्रेनमध्ये, आणि आमच्याच चर्चमधल्या नवीन आईबाबांकडून तेच तेच प्रश्न येतात, आणि मला ते आवडतात, कारण विचारणारं माणूस जवळ यायला बघत असतं. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ही आमच्या घरची उत्तरं आहेत, दुसऱ्या ख्रिस्ती घरात वेगळं असू शकतं.

तुम्ही ख्रिश्चन आहात, मग घरी मराठी कसं काय बोलता?

कारण आम्ही मराठीच आहोत. माझ्या आजीला इंग्लिशचं एक अक्षर येत नव्हतं पण स्तोत्रं धडाधड पाठ होती, भाकऱ्या थापता थापता म्हणायची. नगरला अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतल्या मिशनऱ्यांची संस्था, १८३१ साली आलं, 'ज्ञानोदय' १८४२ ला तिथूनच सुरू झालं, म्हणजे मराठी नियतकालिकांच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं ते. रेव्हरंड नारायण वामन टिळक शाळेच्या पुस्तकात असतात, 'केवढे हे क्रौर्य' वाले, पण ते आमचे भजनकार आहेत हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, १८९५ चा, आणि त्यानंतर त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली. आजही रविवारी आम्ही त्यांची गाणी पेटी-तबला-टाळ घेऊन म्हणतो, पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं आपण चुकून भजनाला आलो की काय. आणि बालकवी ठोंबरे तरुणपणी त्यांच्याच घरी राहिले होते, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ते सगळं इतकं सुंदर लिहून ठेवलंय.

दुसरं नाव पंडिता रमाबाई. केडगावला, दौंडच्या अलीकडे, मुक्ती मिशन ह्या निराधार बायकांसाठी काढलेल्या आश्रमात बसून त्यांनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून झालं, आणि छपाईचं कामसुद्धा तिथल्याच बायका-मुलींनी केलं. मागच्या मे महिन्यात मुलांना घेऊन केडगावला गेलो होतो. मुलीने विचारलं, एकटीने एवढं मोठं पुस्तक लिहिलं? म्हटलं, हो, आणि घरात शेकडो जणींचा सांभाळ करत करत.

तर शाळेत एकदा माझ्या मुलीला कोणीतरी म्हणालं की तुझं नाव आणि आडनाव मराठी कसं, तू तर इंग्रज ना. ती रडत घरी आली. त्या दिवशी तिला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. ख्रिस्ती पालकांना माझं मनापासून सांगणं आहे, हे शाळेत कोणी विचारायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा, मी उशीर केला आणि तिला ते उगाच सोसावं लागलं.

तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट? फरक काय असतो?

आम्ही प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआय, जे १९७० साली नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चच्या संस्था, एकत्र येऊन झालं. कॅथलिकांकडे फादर असतात, त्यांचं लग्न नसतं, मिस्सा म्हणजे त्यांची उपासना असते, मरियामातेची जपमाळ असते. आमच्याकडे पाळकसाहेब, ते संसारी असतात, रविवारी उपासना असते. प्रभू येशू एकच, बायबलमधली बरीचशी पुस्तकंही तीच. आणि मराठीचं म्हणाल तर वसईचे कॅथलिक लोक आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

घरी रोज प्रार्थना करता का? एवढी लहान मुलं बसतात का?

करतो. आणि बसतात, कारण ती छोटी असते. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

लग्न झाल्यावर मला वाटायचं की कौटुंबिक उपासना म्हणजे माझ्या वडिलांसारखी, एक गाणं, एक अध्याय, मग प्रत्येकाची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, पाऊण तास. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मी तेच करायला गेले, ती लोळायची, पळायची, मी डोळे मिटून मध्येच दटावायचे, आणि एक दिवस ती म्हणाली मम्मा प्रार्थनेत तू रागावतेस. ते ऐकून मी पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून आमच्याकडे जेवणं झाली, ब्रश झाले, की साडेआठला चटई टाकायची, लाइट बारीक करायचा आणि प्रत्येकाने तीन गोष्टी बोलायच्या. आज कशाबद्दल थँक्यू, आज काय चुकलं, आणि कोणासाठी मागायचंय. दोन मिनिटं, कधी पाच. मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, आणि आमेन जोरात, कारण धाकट्याला जोरात म्हणायला आवडतं.

पाहुणे असले तरी चुकवत नाही, ताप असला तर बेडवरच. मोठी प्रार्थना आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा छोटी रोज करणं मुलांच्या अंगात मुरतं हे मी स्वतः बघितलंय.

एक सांगते. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांचा गुडघा दुखायचा, जिन्यात बसलेले असायचे गुडघा धरून. धाकट्याने एका रात्री स्वतःहून मागितलं, देवबापा काकांचा पाय बरा कर. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या रिक्षाला उशीर होत होता तरी हा खाली जाऊन त्यांच्यासमोर उभा, काका पाय झाला का बरा? ते बिचारे म्हणाले थोडा झालाय रे बाळा. रात्री चटईवर हा म्हणतो, देवबापा, थोडा झालाय, राहिलेला पण कर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मग ह्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गुडघ्याला घालायचा पट्टा आणला आणि त्याच्याच हाताने द्यायला लावला. काकांनी तिथल्या तिथे पँट दुमडून तो घातला, आणि पट्ट्याची चिकटणारी बाजू चर्रकन उघडायची हे धाकट्याला इतकं आवडलं की त्याने तीनदा काढून घालून दिला त्यांना.

पण नवऱ्याला वेळ नसतो / बायकोला इंटरेस्ट नसतो, मग?

एकट्याने करा. माझ्या आईने वर्षानुवर्षं एकटीने केली, वडील एसटीत होते, ड्यूटीवरून यायचे तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो, सुट्टीच्या दिवशीच ती पाऊण तासाची उपासना व्हायची. ज्याला यायचंय तो येतो, फक्त जो आला नाही त्याला मुलांसमोर टोमणे मारू नका.

मुलांना बायबलमधल्या कोणत्या गोष्टी सांगता? त्यात मारामारी पण आहे ना?

आहे की. दावीद आणि गल्याथ मुलगा रोज मागतो. पण मी सुरुवात येशूने केलेल्या गोष्टींपासून केली, हरवलेलं मेंढरू, चांगला शोमरोनी, उधळ्या पुत्र, कारण त्या त्यानेच लोकांना समजाव्यात म्हणून सांगितल्या होत्या आणि त्यात शेत आहे, पेरणी आहे, पीठ मळणं आहे, दिवा आहे. आमच्या गावाकडे धनगर मेंढ्या घेऊन येतात ते मुलांनी पाहिलंय, त्यामुळे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मुलीला तेविसावं स्तोत्र पाठ आहे, आणि तिला ते पाठ करायला मी बसवलं नाही, रोज झोपताना म्हणत गेलो, आलं.

चित्रांच्या पुस्तकात येशू कायम गोरा आणि निळ्या डोळ्यांचा असतो, तो खरा आशियातला, उन्हातानात चालणारा माणूस होता, हे मी चित्र दाखवतानाच सांगते. मुलीने मग स्वतः स्केचपेनने एक चित्र काढलं, सावळा येशू आणि त्याच्या पायात कोल्हापुरी. ते फ्रिजवर लावलंय.

रविवारी चर्चमध्ये मुलं दंगा करतात, लोक वळून बघतात, मी जाणंच सोडलंय. काय करू?

हा प्रश्न आमच्या मंडळीतल्या एका आईने विचारला होता आणि विचारता विचारता तिचे डोळे भरले. प्लीज सोडू नका. शिष्य मुलांना हाकलत होते तेव्हा येशू शिष्यांवर रागावला, मुलांवर नाही, 'बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या' म्हणाला, हे वळून बघणाऱ्यांनाही माहीत आहे.

आता प्रॅक्टिकल. पुढे बसा, मागे नाही, मागे बसलं की मुलांना फक्त पाठी दिसतात आणि ती कंटाळतात, पुढे पेटीवाले काका दिसतात, मेणबत्त्या दिसतात. निघायच्या आधी पोटभर खायला घाला. एक कोरी वही आणि पेन्सिल, आवाज न करणारी. संदेश, म्हणजे पाळकसाहेबांचं प्रवचन, चालू असताना मूल रडलं तर बाहेर घेऊन जा, शांत झालं की परत या, संकोच करू नका. आणि आमच्याकडे शब्बाथशाळा, म्हणजे मुलांना बायबल शिकवायचा रविवारचा वर्ग, उपासनेच्या आधी असते, जिथे संदेशाच्या वेळेलाच असते तिथे तर प्रश्नच नाही. आमच्या शब्बाथशाळेच्या बाई रिटायर्ड शिक्षिका आहेत, पाठांतराचं वचन म्हणून दाखवलं की एक खडीसाखरेचा खडा देतात. एवढ्याशा खड्यासाठी मुलं आठवडाभर घोकतात.

बाळाचा बाप्तिस्मा कधी करायचा?

सीएनआयमध्ये बाळाचा करता येतो आणि काही आईबाप मूल मोठं होऊन स्वतः कबूल करेपर्यंत थांबतात, दोन्ही चालतं. आम्ही दोघांचाही बाळपणीच केला. पेंटेकॉस्टल, ब्रदरन वगैरे मंडळ्यांमध्ये बाळाचं फक्त समर्पण, म्हणजे प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवणं, होतं आणि बाप्तिस्मा मोठेपणी, पूर्ण पाण्यात. ह्यावरून घराघरात वाद होतात, माझ्या सासरीच झालेत, पण बाळाला शपथ कळत नसते, त्या दिवशी वचन आईबाप देतात, ते पाळायचं कसं ह्यावर घरात जास्त बोललं गेलं पाहिजे.

लहान मुलांना प्रभुभोजन देतात का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. आमच्या मंडळीत लहानांना नाही, दृढीकरण झाल्यावर, म्हणजे मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करायचा विधी झाल्यावर. कॅथलिकांमध्ये साधारण आठ-नऊ वर्षांची झाली की पहिला कम्युनियन, म्हणजे पहिलं प्रभुभोजन, पांढरे कपडे, मोठा समारंभ. आमची मुलं आमच्याबरोबर पुढे येतात आणि पाळकसाहेब त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलगा मान खाली घालून वाट बघतो त्या हाताची.

नाताळला काय काय करता? सांताक्लॉज येतो का तुमच्याकडे?

नाताळ आमच्याकडे २५ च्या आधी चार रविवार सुरू होतो, आगमनकाळ म्हणतात, दर रविवारी एक एक मेणबत्ती जास्त लावायची. मुलांना थांबणं शिकवायला ह्यापेक्षा चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही. तिसऱ्या रविवारी फराळाला सुरुवात, करंज्या, शंकरपाळी, चकल्या, आणि नगरहून सासूबाईंचे अनारसे, केक तर असतोच. मुलं करंजीची कड कातण्याने कातरतात, अर्ध्या फुटतात, त्या फुटलेल्या आम्ही त्याच दिवशी खातो.

कॅरल पार्टी रात्री घरोघर येते, ढोलकी, खंजिरी, मफलर, आणि चहा. गच्चीवर चांदणी लावतो, बांबूच्या कामट्यांची, ह्यांनी स्वतः बांधलेली, पतंगाचा कागद चिकटवून.

सांता आमच्याकडे येत नाही. कोणी आणत असेल तर माझी तक्रार नाही. आम्ही मुलांना सांगतो की वाढदिवस येशूचा आहे तर गिफ्ट त्याला द्यायचं, आणि तो म्हणाला होता भुकेल्याला दिलं ते मला दिलं. म्हणून डिसेंबरमध्ये मुलं आपला साठवलेल्या पैशांचा डबा फोडतात आणि त्यातून दोन घरांना किराणा जातो, यादी मुलगी करते. ह्या वर्षी तिने यादीत डाळ-तांदळाच्या खाली चॉकलेट लिहिलं, म्हणाली त्यांच्याकडे पण छोटी मुलं असतील ना.

मग दिवाळी-गणपतीचं काय? प्रसाद खाता का?

हा नाजूक प्रश्न आहे आणि मी खरं तेच सांगणार. दिवाळीचा फराळ खातो, देतो, आमच्या नाताळच्या फराळाची ताटं बिल्डिंगभर जातात. आकाशकंदील मुलं शेजाऱ्यांबरोबर बसून बनवतात. देवाला दाखवलेला नैवेद्य मात्र आमच्या घरी खात नाहीत. येशूचा प्रेषित पौल ह्याने करिंथ शहरातल्या मंडळीला ह्याच विषयावर लिहिलंय, आणि त्यातच तो हेही सांगतो की आपल्या वागण्याने दुसऱ्याचं मन दुखावू नये. त्यामुळे ख्रिस्ती लोकांमध्येही दोन मतं आहेत, काही जण घेतात, खातात.

आधी आम्ही प्रसाद गुपचूप घ्यायचो आणि नंतर कोणाला तरी द्यायचो. मला ते खोटं वाटायला लागलं. मग एकदा समोरच्या काकूंना मी सरळ सांगितलं, काकू राग मानू नका, आमच्यात असं असं आहे. छाती धडधडत होती. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, अगं मग आधी नाही का सांगायचं. तेव्हापासून दर वर्षी गणपतीत नैवेद्य दाखवायच्या आधी काकू पाच मोदक वेगळे काढतात, झाकण लावून, गरम गरम आमच्या दारात. त्यांच्या सुनेने सांगितलं की त्या पहिला घाणा निघाला की आधी आमचे काढतात. अशी माणसं शेजारी आहेत ह्याबद्दल आमच्या चटईवर कितीदा थँक्यू म्हटलं गेलंय.

मुलांना एकच नियम आहे, कोणाच्याही देवाबद्दल, पूजेबद्दल वाकडा शब्द नाही. आरती चालू असेल तर शांत उभं राहायचं.

मुलांना गुड फ्रायडे कसा समजावता? खिळे, रक्त, भीती नाही वाटत?

वाटते, म्हणून वयाप्रमाणे सांगते. धाकट्याला एवढंच, की चांगल्या माणसाला लोकांनी खूप त्रास दिला आणि त्याने त्यांना माफ केलं. मुलीला आता जास्त कळतं. बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, म्हणजे येशू क्रुसावरून बोलला ती सात वाक्यं, ती लहानांना लांब पडते, मी त्यांना तिसऱ्या-चौथ्या उद्गारापर्यंत बसवते मग घरातलं कोणीतरी, नाहीतर आत्या, घरी नेते.

पण त्यातलं पहिलं, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', हे घरातही दिसावं लागतं. मी एकदा ऑफिसचा राग मुलीवर काढला, दूध सांडलं एवढंच कारण. रात्री चटईवर 'आज काय चुकलं' मध्ये मी तिचं नाव घेऊन सॉरी म्हटलं, तिच्यासमोर. ती म्हणाली इट्स ओके आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. आईने माफी मागितली तर मान कमी होतो असं म्हणणारे आहेत नात्यात, मला ते पटत नाही.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का, असंही विचारतात. २१ मार्च किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार, म्हणून सरकतो.

प्रार्थना करूनही झालं नाही, तर मुलांना काय सांगता?

माझे सासरे मागच्या वर्षी गेले. मुलीने त्यांच्यासाठी रोज मागितलं होतं, हॉस्पिटलमध्ये असताना पंधरा दिवस, न चुकता. ते गेल्यावर ती चटईवर यायची पण बोलायची नाही. नातेवाईक म्हणाले सांगा तिला देवाची इच्छा होती. मी नाही सांगितलं. सात वर्षांच्या मुलीला ते 'गप्प बस' असं ऐकू येतं असं मला वाटतं.

मी तिला फक्त तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं, ज्यात दावीद देवालाच विचारतो की तू मला कुठवर विसरणार. ती म्हणाली असं बोललेलं चालतं? म्हटलं बायबलमध्ये लिहिलंय म्हणजे चालतं. आणखी दोन-तीन दिवसांनी तिने प्रार्थना केली, 'देवबापा, मी अजून रागावलेय. आमेन.' आम्ही सगळे आमेन म्हणालो, धाकटा जोरात.

ह्या वर्षी ईस्टरला नगरला गेलो. पहाटे अंधार असतानाच कबरस्तानात जायची आमच्याकडे पद्धत आहे, कबरी आदल्या दिवशी झाडून धुवून ठेवलेल्या असतात, त्यावर झेंडू, मेणबत्त्या, आणि उजाडताना सगळे मिळून पुनरुत्थानाची, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला आणि शेवटी आपणही उठू ह्या विश्वासाची, गाणी म्हणतात. मुलीने आजोबांच्या कबरीवरची मेणबत्ती वाऱ्याने विझायची ती चार वेळा लावली, हाताचा आडोसा करून. मग मला विचारलं, आजोबा उठतील तेव्हा त्यांना चष्मा लागेल का? म्हटलं, नाही लागणार. ती बराच वेळ विचार करत होती.

आम्हाला नाताळला तुमच्याकडे यायचंय, कधी येऊ, काय आणू?

या ना! २५ ला सकाळी उपासना असते, साडेअकरापर्यंत आम्ही घरी येतो, त्यानंतर दार उघडंच असतं रात्री दहापर्यंत. काही आणू नका. मुलं असतील तर घेऊन या, बरोबर एक रिकामा डबा ठेवा, फराळ न्यायला लागेल. आणि व्हेज-नॉनव्हेज वेगवेगळ्या भांड्यात असतं, व्हेज खाणाऱ्यांनी काळजी करू नका, समोरच्या काकू पण इथेच जेवतात.